डोंगरात मोबाईल: नकाशा, टॉर्च, होकायंत्र आणि मदतीची हाक

पावसाळा सुरू झाला की आपल्या घरांतली कॉलेजची मुलं-मुली पाठीवर सॅक टाकून निघतात. कुणी कळसूबाईला, कुणी हरिश्चंद्रगडाला, कुणी राजमाची-तोरण्याला. आता तर पूर्ण कुटुंबंही जातात. अब्बा, अम्मी, भाई, बाजी, सगळे. निघताना घरातल्या मोठ्यांचा एकच प्रश्न असतो, "फोन लागेल ना?"

याचं खरं उत्तर असं की सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. घळीत, खिंडीत, दाट रानात टॉवर मिळत नाही. पण फोन लागत नाही म्हणजे फोन निकामी झाला असं नाही. दोनशे ग्रॅमच्या या वस्तूत नकाशा, होकायंत्र, कॅमेरा, घड्याळ, टॉर्च आणि वही एवढं सगळं असतं, आणि यातलं बहुतेक नेटवर्कशिवाय चालतं. अट एकच, तयारी घरून करून निघायला हवी. ती कशी करायची आणि फोनवर कुठपर्यंत भरवसा ठेवायचा, हे आम्ही इथे एका जागी देत आहोत.

नेटवर्क नसताना काय चालतं, काय नाही

सगळ्यात मोठा गैरसमज जीपीएसबद्दल आहे. अनेकांना वाटतं की नेट बंद झालं की जीपीएसही बंद. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवत असतात आणि आपला फोन ते फक्त ऐकतो. त्याला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोड चालू असतानाही जीपीएस चालतं. नेट नसेल तर सुरुवातीला जागा सापडायला वेळ लागतो, कधी काही सेकंद, कधी काही मिनिटं. अशा वेळी मोकळ्या आकाशाखाली थांबून फोन स्थिर धरायचा.

बंद पडतं ते वेगळंच. नकाशाचं चित्र नेटवरून येतं, त्यामुळे निळा ठिपका दिसतो पण त्याच्या खाली कोरी जागा. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन थांबतं आणि घरच्यांना शेवटची पोचलेली जागाच दिसत राहते. यूपीआय चालत नाही. पायथ्याच्या गावात जेवण, राहणं, वनखात्याची प्रवेश फी, वाटाड्याचे पैसे, सगळ्यासाठी सुट्या नोटा जवळ हव्यात.

निघण्याआधी घरी करायची कामं

एक, नकाशा उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करता येतो, पण लक्षात ठेवा, ऑफलाइन असताना तो गाडीचा रस्ता सांगतो, पायी चालायचा नाही. शिवाय गडावरच्या पाऊलवाटा त्यात बहुधा नसतातच. पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही अ‍ॅप्स जास्त उपयोगी पडतात. त्यांचा महाराष्ट्राचा नकाशा एकदा वायफायवर उतरवला की नेटचं काम संपलं.

दोन, वाटेची फाइल घ्या. आधी जाऊन आलेले लोक आपली चाल जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये जतन करतात. ती अ‍ॅपमध्ये उघडली की नकाशावर रेघ दिसते. पण फाइल कुणाची आणि कुठल्या वाटेची, हे नीट विचारा. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जाणारी वाट घरच्या मंडळींना झेपणारी आहे. त्याच गडाची नळीची वाट मात्र सरावलेल्या लोकांसाठीच आहे, आणि दोन्हींच्या फाइलींवर नाव हरिश्चंद्रगडच असतं.

तीन, लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरा. रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी, दमा किंवा शुगर असेल तर ते, आणि घरच्या दोघांचे नंबर. ही सोय जवळजवळ सगळ्या फोनच्या सेटिंगमध्ये असते. तुम्ही बेशुद्ध असाल तरी दुसऱ्याला ती फोनचं कुलूप न उघडता वाचता येते.

चार, फोटो काढून ठेवा. आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, परतीच्या एसटीचं वेळापत्रक. हे फोनच्या गॅलरीत हवं, नुसतं ड्राइव्हवर किंवा डिजिलॉकरमध्ये नको, कारण ते उघडायला नेट लागतं.

पाच, सगळं खरंच उतरलं आहे का ते तपासा. घरातच फ्लाइट मोड लावा आणि नकाशा, वाटेची रेघ, फोटो उघडून बघा. जे घरात उघडत नाही ते डोंगरातही उघडणार नाही.

वाट शोधताना

चालताना स्क्रीन बघायची नाही. बघायचं असेल तर थांबायचं, दोन्ही पाय घट्ट ठेवायचे आणि मग बघायचं. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, कड्याच्या टोकाला गवताखाली जमीन पोकळ असू शकते. कोकणकड्यासारख्या जागी वाराही जोराचा असतो. सेल्फीसाठी पाठ दरीकडे करून एक पाऊल मागे टाकणं, यापेक्षा धोकादायक वापर फोनचा दुसरा नाही.

सह्याद्रीत माणसं चुकतात ती मुख्यतः ढोरवाटांमुळे. गुरांच्या पायांनी पडलेल्या वाटा खऱ्या वाटेसारख्याच दिसतात आणि कुठेतरी रानात जिरून जातात. म्हणून प्रत्येक फाट्यावर एक सवय लावून घ्या. ज्या वाटेने आलात तिच्याकडे वळून एक फोटो काढा. परतताना जागा उलट्या बाजूने दिसते आणि ओळखू येत नाही, तेव्हा हाच फोटो कामाला येतो. समोर लांबवर बाणाची खूण किंवा एकावर एक रचलेले दगड आहेत का, हे बघायला कॅमेऱ्याचा झूम दुर्बिणीसारखा वापरता येतो.

अ‍ॅपमध्ये सुरुवातीपासून आपली चाल नोंदवायला लावा. स्क्रीन बंद असली तरी नोंद होत राहते. धुकं उतरलं आणि दहा पावलांपुढचं दिसेनासं झालं, तर आपल्याच आलेल्या रेघेवरून मागे फिरता येतं.

उंच कड्याच्या पोटाशी किंवा सांदण दरीसारख्या अरुंद घळीत उपग्रहाचे संकेत दगडावर आपटून येतात. तिथे निळा ठिपका पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. अशा जागी डोळ्यांना दिसणारी वाट खरी मानायची, ठिपका नाही.

होकायंत्र, किब्ला आणि नमाजची वेळ

फोनमधलं होकायंत्र चुंबकावर चालतं आणि म्हणूनच ते फसतंही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांजवळ, गडावरच्या तोफेजवळ, गाडीच्या बॉनेटवर किंवा चुंबकाचं झाकण असलेल्या कव्हरमध्ये ते चुकीची दिशा दाखवतं. वापरण्याआधी कव्हर काढा, लोखंडापासून दहा-पंधरा पावलं लांब या आणि फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा दोन-चार वेळा काढा. त्याने होकायंत्र सुधारतं.

महाराष्ट्रात एक सोय आहे. इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे वेगळं गणित करावं लागत नाही. किब्ल्याची दिशा मुंबईहून साधारण २८० अंश येते, नागपूरहून साधारण २७८. म्हणजे पश्चिमेपासून थोडीशी उत्तरेकडे. हा आकडा लक्षात ठेवला की वेगळ्या किब्ला अ‍ॅपची गरजही राहत नाही. फोनचं साधं होकायंत्र पुरतं. आणि दुपारनंतर सूर्य दिसत असेल तर दिशा ढोबळमानाने पडताळून बघता येते.

नमाजच्या वेळा सांगणारी बहुतेक अ‍ॅप्स तुमच्या जागेवरून सूर्याचं गणित करतात, त्याला नेट लागत नाही. पण दोन गोष्टी आधी बघून घ्या. अ‍ॅपमध्ये जागा मुंबई किंवा पुणे अशी कायमची ठरवलेली नको, जीपीएसवर असू द्या. दुसरं, असरच्या वेळेसाठी शाफई की हनफी हे सेटिंग तपासा. कोकणातली बरीच घरं शाफई आहेत आणि घाटावरची बरीच हनफी. सेटिंग चुकलं तर तासाभराचा फरक पडू शकतो.

दरीत असाल तर सूर्य समोरच्या डोंगराआड लवकर जातो. तो खरा सूर्यास्त नसतो. त्या वेळी डोळ्यांपेक्षा घड्याळ आणि अ‍ॅप बरं. वुजूसाठी गडावरच्या टाक्यात थेट हात-पाय घालू नका. तेच पाणी लोक पितात. बाटलीत काढून बाजूला घ्यावं.

उंचीचा आकडा का चुकतो

कळसूबाईच्या माथ्यावर पोचलेली मुलं फोनवर उंची बघतात आणि गोंधळतात. शिखर १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, आणि फोन मात्र पंधराशे-सोळाशेच्या मधला काहीतरी आकडा दाखवतो. याचं कारण फोन बिघडलाय असं नाही. जीपीएस पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती आकार धरून उंची मोजतं, तर पुस्तकातली उंची समुद्रसपाटीपासून असते. आपल्या भागात या दोन पातळ्यांमध्ये पन्नास मीटरहून जास्त अंतर आहे. काही अ‍ॅप्स ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. शिवाय जीपीएसची उंची तशीही जागेपेक्षा जास्त चुकते. त्यामुळे उंचीवरून आपण नेमके कुठे आहोत हे ठरवू नका.

बॅटरी हीच खरी शिदोरी

डोंगरात बॅटरी दोन गोष्टी खातात. पहिली स्क्रीन. दुसरी म्हणजे नेटवर्क शोधणं. टॉवर मिळत नसला की फोन जास्त जोर लावून शोधत राहतो आणि न वापरताही चार्जिंग उतरतं. म्हणून रेंज गेली की फ्लाइट मोड लावा. ठरलेल्या जागी, उदाहरणार्थ खिंडीत किंवा माथ्यावर पोचल्यावर, दोन मिनिटं उघडा, निरोप पाठवा, परत बंद करा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, ब्लूटूथ आणि वायफाय बंद ठेवा, गाणी आणि व्हिडिओ गाडीतच संपवा.

पॉवर बँकेचा हिशेबही समजून घ्या. डब्यावर १०,००० लिहिलेलं असलं तरी व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत काही भाग जातो. फोनला प्रत्यक्ष साधारण ६,००० च्या आसपास मिळतं. म्हणजे ५,००० च्या बॅटरीचा फोन एकदा पूर्ण भरेल आणि वर थोडं उरेल. दोन दिवसांच्या मुक्कामाला एका माणसाला हे पुरतं, पाच जणांना नाही. केबल मात्र दोन न्या, एक नेहमी तुटते.

गटात असाल तर कामं वाटून घ्या. एक फोन नकाशाचा, एक फोटोंचा, आणि एक फोन पूर्ण चार्ज करून बंद ठेवलेला, फक्त अडचणीसाठी. शक्य असेल तर या फोनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. एकाला रेंज नसेल तिथे दुसऱ्याला असते.

पाणी आणि ऊन

फोन वॉटरप्रूफ आहे असं दुकानदाराने सांगितलं असलं तरी सह्याद्रीच्या पावसावर तो भरवसा नको. साधी झिप असलेली जाड प्लास्टिकची पिशवी पुरते. आत एक कोरडा रुमाल ठेवा. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, तेव्हा फोटोसाठी आवाजाचं बटण वापरा. चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं असेल तर लगेच केबल लावू नका. फोन पालथा धरून हलके झटका, हवेत वाळू द्या. तांदळात पुरून ठेवल्याने फायदा होत नाही, उलट भोकात कण आणि धूळ जाते.

उन्हाळ्यात तापलेल्या कातळावर फोन ठेवू नका. फार तापला की तो स्वतःच बंद पडतो. सावलीत ठेवून गार होऊ द्या, थंड पाण्यात बुडवू नका.

टॉर्च, आरसा, स्टॉपवॉच

फोनचा टॉर्च तंबूत वस्तू शोधायला ठीक आहे. अंधारात उतरायला नाही. एक हात त्यात अडकतो, बॅटरी संपते, आणि हातातून निसटला तर नकाशा आणि उजेड दोन्ही एकदम जातात. डोक्याला बांधायचा टॉर्च स्वस्तात मिळतो, तो प्रत्येकाकडे हवा.

काही छोटी कामं मात्र फोन छान करतो. डोळ्यात कचरा गेला तर पुढचा कॅमेरा आरसा होतो. काटा काढताना कॅमेऱ्याचा झूम भिंगासारखा चालतो. काही फोनमध्ये एफएम रेडिओ असतो, वायरचे इअरफोन लावले की नेटशिवाय बातम्या ऐकू येतात.

वीज चमकल्यावर स्टॉपवॉच लावा. गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर लांब वीज पडली. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धोका जवळ आहे. माथा, एकटं झाड, लोखंडी शिडी आणि रेलिंग सोडून खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच पुढे निघा. घरून निघण्याआधी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर बेत पुढे ढकला, गड कुठे जात नाही. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे, पण त्याला नेट लागतं, म्हणून ते पायथ्याला बघून घ्यायचं.

अडचण आली तर

घाबरून पळापळ करू नका. आहात तिथे बसा, एकत्र राहा, फोन उघडा.

पहिला नंबर ११२. स्क्रीनवर "फक्त इमर्जन्सी कॉल" असं दिसत असेल तर त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्यावरून ११२ लावता येतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन लागत नसेल तर घरच्यांना साधा एसएमएस करा. व्हॉट्सअ‍ॅप नाही, साधा मेसेज. जिथे बोलणं होत नाही तिथेही कधीकधी एसएमएस निघून जातो. उंच, मोकळ्या जागी पुन्हा प्रयत्न करा, पण त्यासाठी अंधारात कडा चढू नका.

आपली जागा आकड्यांत सांगा. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून ठेवलं की दोन आकडे मिळतात. दशांशानंतर चार घरं सांगितली तर साधारण दहा-अकरा मीटरपर्यंत नेमकी जागा कळते. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ च्या दरम्यान आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. उलटे सांगितले तर शोधणारे भलतीकडे जातील, म्हणून क्रम तपासा. मेसेजमध्ये एवढं लिहा: आकडे, जवळचं गाव किंवा खूण, किती जण, काय झालंय, किती बॅटरी उरली.

साप चावला तर त्याचा फोटो काढायला मागे धावू नका. चावल्याची वेळ फोनमध्ये लिहा, माणसाला कमीत कमी हलू द्या, घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, आणि लवकरात लवकर सरकारी रुग्णालयात न्या.

आवाज पोचत नसेल तर शिट्टी किंवा उजेड. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. ही डोंगरातली मदतीची जुनी, सगळीकडे ओळखली जाणारी खूण आहे. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. राज्यातल्या गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर अशा शोधकामात मदत करतं. त्यांची हेल्पलाइन आणि पायथ्याच्या गावातल्या एका घराचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये आणि कागदावर लिहून ठेवा.

घरी थांबलेल्यांसाठी

हा भाग अम्मी-अब्बांसाठी. मुलांना "दर तासाला फोन कर" असं सांगू नका. ते पाळणं शक्य नसतं, आणि रेंज शोधण्यात त्यांची बॅटरी जाते. त्याऐवजी चार गोष्टी लिहून मागा: कुठला गड आणि कुठल्या गावातून चढणार, सोबत कोण आणि त्यांचे नंबर, परत पायथ्याला किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागायची.

शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची. समजा पाचला उतरणार असतील तर आठ ठरवा. आठच्या आत फोन बंद लागला तर ती बहुधा रेंजची गोष्ट आहे, घाबरायचं कारण नाही. आठ वाजून गेले तर आधी पायथ्याच्या घरी फोन, मग ११२. तेव्हा संकोच करू नका, "लोक काय म्हणतील" असा विचार नको. आणि मुलांनीही, खाली उतरल्यावर चहाच्या आधी घरी निरोप द्यायचा.

फोन काय करू शकत नाही

तो तुमच्यासाठी मागे फिरण्याचा निर्णय घेत नाही. ओढ्याला पाणी चढलंय, दम लागलाय, उशीर झालाय, हे नकाशा सांगत नाही. गावातला वाटाड्या सांगतो. चारशे-पाचशे रुपये वाचवायला त्याला टाळू नका. त्याला पावसाळ्यात कुठली वाट बंद होते, कुठे दरड येते, हे माहीत असतं, आणि त्याच्या घरालाही हातभार लागतो.

सॅकमध्ये या पाच वस्तू फोनशिवायही हव्यात: डोक्याचा टॉर्च, शिट्टी, नंबर लिहिलेला कागद, रोख पैसे आणि पाणी. फोन बुडाला, पडला किंवा बंद झाला तरी यांच्या जोरावर माणूस घरी पोचतो.